ट्रॉलीमागचे तीस मीटर

हे सावकाश वाचायचं आहे. जिथे थांबायला सांगितलं असेल तिथे खरोखरच थांबा, आणि मगच पुढच्या ओळीवर या.

मनात एक रस्ता आणा. पश्चिम महाराष्ट्रातला, दोन पदरी, डांबरी. महिना जानेवारीचा आहे, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात आहे. पहाटेचे पाच वाजायला आलेत. दोन्ही बाजूंना ऊस. काही फड तुटलेले, काही उभे. हवेत जळक्या पाचटाचा वास आहे. रस्त्याच्या डाव्या कडेला, निम्मी डांबरावर आणि निम्मी साइडपट्टीवर, उसाने भरलेली ट्रॉली उभी आहे, पुढे ट्रॅक्टर. ट्रॉलीच्या मागे मोटरसायकल आडवी पडली आहे. ती चालवत आलेला तरुण आता जिवंत नाही.

अशी बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. उभ्या ट्रॉलीला दुचाकी धडकून युवक ठार, एवढीच. वाचता वाचता मनाने निकालही देऊन टाकला असेल. या ट्रॅक्टरवाल्यांना कसला धाकच उरला नाही. किंवा, आजकालची पोरं गाड्या चालवतात तरी कशा. आत्ताही यांतलं एक वाक्य तुमच्या मनात उमटलं असेल. त्याच्याशी भांडू नका. ते फक्त उचलून बाजूला ठेवा. पुढचा सगळा वेळ आपण त्या वाक्याशिवाय या रस्त्यावर उभं राहणार आहोत. पोलीस ठाण्यातून निघालेला रात्रपाळीचा हवालदार थोड्याच वेळात इथे पोचेल. त्याच्या कामाचा गाभाही हाच आहे.

एक श्वास घ्या. हवालदार आला आहे.

त्याचं पहिलं काम तपासाचं नाही. पडलेल्या माणसाची नाडी बघणं, श्वास बघणं, १०८ ला फोन झाला आहे का ते विचारणं, हे आधी. मागून येणाऱ्या गाड्या याच ट्रॉलीवर पुन्हा आदळू नयेत म्हणून शिपायाला बॅटरी देऊन लांब, वळणाच्या पलीकडे उभं करणं, हेही आधी. महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये 'मृत्युंजय दूत' ही योजना सुरू केली ती याच पहिल्या मिनिटांसाठी. ढाब्यावरची, पेट्रोल पंपावरची, रस्त्याकाठच्या गावांतली माणसं पोलिसांच्या आधी पोचतात, म्हणून जखमीला कसं उचलायचं हे त्यांनाच शिकवायचं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पक्कं केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आलं. ही गोष्ट गावोगावी अजून पुरेशी पोचलेली नाही. लोक अजूनही पोलिसांच्या फेऱ्यांना भिऊन हात आखडतात.

जिवंत माणसासाठी करण्यासारखं काही उरलं नाही, की मग तपास सुरू होतो. आणि नेमक्या याच वेळी जमलेली माणसं मदतीला धावतात. कोणी मोटरसायकल उभी करून कडेला लावतो. कोणी काचा पायाने सारतो. ट्रॅक्टर पुढे घ्या, वाहतूक मोकळी होऊ द्या, असं चारजण एकदम सांगतात. यांतला एकही माणूस वाईट नाही. पण त्यांच्या प्रत्येक हालचालीने रस्त्यावरची एकेक खूण पुसली जाते आहे. त्या एकट्या हवालदाराला गर्दी आवरायची आहे, गाड्या सोडायच्या आहेत, मृतदेहावर चादर घालायची आहे, वरिष्ठांना कळवायचं आहे, आणि हे सगळं करताना कुठलीही वस्तू हलण्याआधी तिचा फोटो घ्यायचा आहे, तिच्याभोवती खडूची रेघ ओढायची आहे. तपासातल्या बहुतेक चुका ठाण्यात होत नाहीत. या पहिल्या अर्ध्या तासात होतात, आणि त्या दुरुस्त करायला पुन्हा तिथे जाता येत नाही, असं मला वाटतं.

आता खाली बघा. जमिनीकडे. घाई नाही.

पहिल्यांदा दिसते ती फुटलेली काच आणि प्लॅस्टिकचे तुकडे. ते उडून दूर जातात, म्हणून धडक नेमकी कुठे झाली हे त्यांच्यावरून पटकन ठरवता येत नाही. त्यापेक्षा वाळलेल्या मातीची ढेपळं शोधा. मडगार्डच्या आत, गाडीच्या पोटाखाली महिनोन्‌महिने साठलेली माती धक्क्याबरोबर सुटते आणि बरीचशी तिथल्या तिथे खाली पडते. धडक कुठे झाली याची ती चांगली खूण. मग डांबरावरचे ओरखडे. मोटरसायकल आडवी होऊन घसरली तर फूटपेग आणि हँडलच्या टोकाचे लांब, उथळ ओरखडे उमटतात. धडकेच्या जोराने एखादा धातूचा भाग खाली दाबला गेला तर डांबराला खोल खोबण पडते. ओरखडा सांगतो गाडी नंतर कुठे गेली. खोबण सांगते जोर कुठे लागला. तेल कुठे सांडलं, चप्पल कुठे पडली, हेल्मेट कुठे गेलं आणि त्याचा पट्टा लावलेला होता की नव्हता, हे एकेक करून बघा.

प्रत्येक गोष्टीचं अंतर मोजायचं आहे, आणि ते जागची न हलणाऱ्या खुणेपासून. विजेचा खांब, किलोमीटरचा दगड, मोरीचा कठडा. अशा दोन खुणांपासून मोजलेली जागा दहा वर्षांनीही पुन्हा सापडते. आपल्या पंचनाम्यात चतुःसीमा लिहिण्याची जुनी रीत आहे: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. जागा ओळखायला ती ठीक. पण ट्रॉलीचं उजवं चाक डांबराच्या कडेपासून किती आत होतं, हे चतुःसीमेतून कळत नाही. एक मीटर की दोन मीटर, यावर इथे पुढचं फार काही ठरणार आहे.

आता मागे वळा. ज्या दिशेने मोटरसायकल आली त्या दिशेने रस्त्यावरून चालत जा. चाकाची काळी खूण शोधा.

चाक जाम झालं की रबर डांबरावर घासतं, तापतं आणि काळा पट्टा सोडतं. त्या पट्ट्याच्या लांबीवरून वेग काढता येतो. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी घर्षणाचा अंक साधारण ०.७ धरतात. पट्ट्याची लांबी मीटरमध्ये घ्यायची, तिला या अंकाने आणि मग २५४ ने गुणायचं, आणि आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढायचं. ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. छत्तीस मीटरचा पट्टा म्हणजे ताशी सुमारे ८० किलोमीटर. पट्टा संपता संपता गाडी कशावर तरी आदळून थांबली असेल, तर हा किमान वेग. खरा वेग त्याहून जास्त. बऱ्याच नव्या गाड्यांना एबीएस असतं, चाक पूर्ण जाम होत नाही आणि खूण पुसट उमटते किंवा उमटतच नाही. सूर्य वर आला, रहदारी सुरू झाली, की तीही जाते.

इथे, आपल्या या रस्त्यावर, खूण जवळजवळ नाहीच असं धरू. ट्रॉलीच्या अगदी मागे हातभर काळसर घासल्यासारखं दिसतं, बस.

थांबा. मन आता काय म्हणतंय ते ऐका. ब्रेकच लावला नाही. म्हणजे झोपला होता, नाहीतर प्यायला होता, नाहीतर मोबाइलवर होता. बाजूला ठेवलेलं ते वाक्य पुन्हा आत आलं. त्याला पुन्हा बाहेर ठेवा, आणि थोडं गणित करू.

डोळे मिटा आणि मनात सावकाश दोनदा 'विठ्ठल' म्हणा. साधारण दीड सेकंद झाला. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसणं, ते काय आहे हे मनाला कळणं, आणि हात-पाय ब्रेकवर पडणं, याला माणसाला एवढा वेळ लागतो, असं तपासाच्या हिशेबात धरतात. ताशी ६० च्या वेगाने जाणारी मोटरसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दीड सेकंदात २५ मीटर. ब्रेक लागायला तिथून पुढे सुरुवात होते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५.

आता अंधार आणा. ट्रॉलीचा मागचा लाल दिवा लागलेला नव्हता असं धरू, परावर्तक पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली आहे. उसाची मोळी काळपट, धुळकट. तिच्यावर पडलेला उजेड फारसा परत येत नाही. समोरून गाडी येत असल्याने तरुणाने दिव्याचा झोत खाली केला आहे. अशा उजेडात ती ट्रॉली त्याला तीस मीटरवर दिसली असं धरा. तिसातले पंचवीस मीटर कळण्यातच गेले. उरले पाच. पाच मीटरमध्ये रस्त्यावर किती लांब खूण उमटेल?

हातभर.

ब्रेकची खूण नसणं हा त्याच्या बेफिकिरीचा पुरावा असेलच असं नाही. त्याला दिसलंच फार उशिरा, एवढंही त्यातून निघू शकतं. गणिताची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे धरायला हवी: तो ताशी ४५ च्या आतबाहेर असता, तर त्याच तीस मीटरमध्ये जेमतेम थांबू शकला असता. आपल्याला जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, ही जुनी शिकवण खरी आहे. म्हणजे दोष बहुधा दोन्हीकडे वाटला जाईल. पण तो किती-किती, हे ट्रॉली किती अंतरावरून दिसत होती यावर अवलंबून आहे, आणि ते ठरतं एका छोट्या दिव्यावर.

म्हणून आता त्या दिव्याकडे जाऊ. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

ट्रॉलीचा मागचा दिवा फुटलेला आहे. ट्रॅक्टरवाला म्हणतो, दिवा चालू होता, धडकेने फुटला. खरं असेल. खोटं असेल. दिवा स्वतः काय सांगतो ते बघू. जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. दिवा पेटलेला असताना ती प्रचंड तापलेली आणि मऊ असते. त्या अवस्थेत जोराचा धक्का बसला तर तिची वेटोळी ताणली जातात, लांबतात, एका बाजूला वाकतात. दिवा बंद असेल तर तार थंड आणि ठिसूळ असते. ती वाकत नाही, तुटलीच तर काटकन तुटते आणि वेटोळी जशीच्या तशी राहतात. दिवा चालू असतानाच काच फुटली, तर तापलेल्या तारेला हवा लागून ती जळते, तिच्यावर पांढरट-पिवळसर भुकटी धरते, काचेचे सूक्ष्म कण वितळून तिला चिकटतात. भिंगाखाली हे सगळं दिसतं. माणूस गेल्यानंतरही, त्याच्या शेवटच्या क्षणी समोर उजेड होता की अंधार, हे एवढीशी तार धरून ठेवते.

पण तो बल्ब कुणी हात न लावता काढून, कापसात गुंडाळून, पाकिटात घालून, लाखेचं सील लावून प्रयोगशाळेत पाठवला तरच. प्रत्यक्षात पुष्कळदा काय होतं? चालू होता म्हणतोस ना, मग लाव बघू बटण, असं म्हणून कोणीतरी बटण दाबतं. त्या क्षणी फुटक्या बल्बच्या तारेतून वीज जाते, तार हवेत जळते आणि पुरावा संपतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. दिवा लावून बघणं इतकं साहजिक वाटतं की ते करू नये हे कुणीतरी आधी शिकवायला लागतं. तसंच ट्रॅक्टरकडून ट्रॉलीकडे येणारी वायर जोडलेली होती का, की पिन नुसतीच लोंबत होती, हे ट्रॅक्टर हलण्याआधी बघायला लागतं. परावर्तक पट्टीवरचा चिखल पुसायचा नसतो, त्याचा तसाच फोटो घ्यायचा असतो. पट्टी कोरी करकरीत असेल आणि तिच्या कडांवर धुळीचा कणही नसेल, तर ती कधी लावली हे विचारावं लागतं.

एलईडी दिव्यात ही तारच नाही. येत्या काही वर्षांत ही साक्ष रस्त्यावरून नाहीशी होईल. तिची जागा गाडीतल्या संगणकाच्या नोंदी घेतील, पण त्या उसाच्या ट्रॉलीपर्यंत कधी पोचतील हे माहीत नाही.

गाडीची स्मृती काय काय सांगू शकते याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. गाडी बनवणाऱ्या कंपनीने आतल्या नोंदी वाचून पोलिसांना अहवाल दिला: धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० होता, ब्रेक लागले, आणि कठड्यावर आदळताना तो ८९ वर आला होता. पण एवढं कळल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तो गाडीला विचारून उपयोग नाही. त्या पुलाशी येताना मार्गिका तीनाच्या दोन होतात. तिथे पुढे रस्ता अरुंद आहे हे चालकाला किती आधी, किती ठळकपणे सांगितलं होतं? तपासी अंमलदाराच्या कागदावर आरोपी म्हणून माणसाचं नाव येतं. रस्त्याचं नाव त्या रकान्यात बसत नाही.

आपल्या ट्रॉलीमागच्या रस्त्यालाही हा प्रश्न विचारा. साइडपट्टी डांबरापेक्षा किती खाली आहे? वीतभर खाली असेल, तर भरलेली ट्रॉली खाली उतरवायला चालक घाबरणारच. उलटली तर त्याचा हंगाम बुडतो. कडेची पांढरी रेघ आहे का? जवळपास दिवा आहे का? हेही मोजा, लिहा.

श्वास घ्या. आता माणसांकडे जाऊ.

समोरच्या मळ्यातला एक म्हातारा शेतकरी सगळ्यात आधी धावत आला होता. शेतीची वीज रात्री येते, म्हणून तो मोटर चालू करायला मळ्यात होता. हवालदार त्याला बाजूला घेतो, पाणी देतो, आणि विचारतो.

"आबा, सुरुवातीपासून सांगा, तुम्हाला काय काय कळलं?"

"धाडकन आवाज झाला. वळून बघतोय तर हे असं."

"आवाजाच्या आधी?"

"आधीचं काय न्हाई बघितलं, सायेब. मी मोटरीपाशी वाकलो होतो."

याच माणसाला, गाडी फार जोरात होती ना आबा, असं विचारलं असतं, तर होय म्हटलं असतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. समोर मृतदेह, मोठा आवाज कानात अजून घुमतोय, आणि साहेब विचारतायत. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या धडकेच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग किती होता ते विचारलं. काहींना विचारलं की गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, एकमेकींना लागल्या तेव्हा किती. पहिल्यांचा अंदाज सरासरी ताशी ४१ मैलांच्या आसपास आला, दुसऱ्यांचा ३२ च्या. आणखी एका प्रयोगात आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा जोरदार धडकेच्या शब्दांत प्रश्न ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना फुटलेली काच आठवली. चित्रफितीत काच फुटलीच नव्हती. बहुतेक साक्षीदार आवाजानंतर वळलेले असतात. तपास करणाऱ्याचा प्रश्न जितका रिकामा, तितकी त्यांची आठवण स्वच्छ राहते.

चालकाच्या सांगण्यालाही हेच लागू. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, पंचवीस माणसं गेली. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. ते ऐकणाऱ्याला पटण्यासारखंच होतं, सिमेंटचा रस्ता, लांबचा पल्ला. पण आरटीओच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. फुटलेला टायर रस्त्यावर रबराचे तुकडे सोडतो, रिम जमिनीला घासून जाते. तसं काही नव्हतं. म्हणून मोटार वाहन निरीक्षक येईपर्यंत गाडीच्या ब्रेकला, स्टिअरिंगला, टायरला कुणी हात लावू नये, हा नियम मला कागदी वाटत नाही.

ग्रामीण रुग्णालयात इन्क्वेस्ट पंचनामा होईल, शवविच्छेदन होईल. रक्ताचा नमुना सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत घेतला जाईल. ते नसेल तर साठवणीतच रक्तात मद्य तयार होऊ शकतं आणि मेलेल्या माणसाच्या माथी न घेतलेली दारू लागते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत कायदा थांबतो, त्यापुढे गुन्हा. ट्रॅक्टरवाल्याचाही नमुना घ्यायला हवा, आणि वेळेत. त्या बाटलीवरचं नाव, वेळ, सही आणि सील यांत कुठे फट राहिली तर काय होतं, हे मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर साऱ्या देशाने पाहिलं. नमुना बदलल्याच्या आरोपावरून तिथे डॉक्टरांना अटक झाली.

आता ठाण्यात या. दुपार झाली आहे. हवालदार लिहायला बसला आहे.

त्याच्या हाताला एक वाक्य पाठ आहे: वाहन भरधाव वेगात, हयगयीने, निष्काळजीपणे चालवून. आपल्याकडच्या हजारो फिर्यादींत ते अक्षरशः सारखं सापडतं. कलमाची भाषा तशी आहे म्हणून ते येतं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३०४-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६ आहे आणि शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. पण कलमाला पुरावा लागतो, आणि हे वाक्य बऱ्याचदा पुराव्याची जागा घेतं. सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या सतीश प्रकरणात १९९८ मध्येच सांगितलं की गाडी जोरात होती एवढ्याने बेदरकारपणा सिद्ध होत नाही. जोरात म्हणजे किती, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या परिस्थितीत, हे दाखवायला लागतं. मला या एका वाक्याचा राग येतो. कारण ते पाठ असल्यामुळे पुढे कुणी तीस मीटर मोजत नाही.

आणि त्याचं ओझं ठाण्यापुरतं राहत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली, तासाला एकोणीस. यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचं कारण अतिवेग म्हणून नोंदलं आहे. ही नोंद येते कुठून? अशाच टेबलांवरून, अशाच हवालदारांच्या हातून. वेग हे फार मोठं कारण आहे यात मला शंका नाही. पण जिथे अंधारात उभी ट्रॉली होती, जिथे साइडपट्टी वीतभर खचली होती, तिथेही अतिवेगच लिहिला गेला, तर दिव्यासाठी आणि साइडपट्टीसाठी पैसा कुठल्या आकड्याच्या जोरावर मागायचा? आयआयटी मद्रासने घडवलेली ई-डार ही नोंदप्रणाली आता पोलिसांच्या मोबाइलवर आहे. जागेचे अक्षांश-रेखांश, फोटो, रस्त्याचा प्रकार, सगळं त्यात भरता येतं, आणि बांधकाम खातं, आरटीओ, रुग्णालय यांचीही माहिती एकत्र येते. साधन चांगलं आहे. भरणाऱ्याला वेळ आणि शिक्षण दोन्ही मिळायला हवं.

आता शेवटचा एक उंबरठा ओलांडा. त्या तरुणाच्या घरचा.

तिथे अजून काही ठरलेलं नाही. उभ्या वाहनाला मागून धडकला म्हणून त्याच्यावरच गुन्हा दाखल झाला, तर आरोपीच मयत म्हणून प्रकरण मिटेल. घरच्यांच्या हातात तेवढाच कागद येईल की त्यांचा मुलगा स्वतःच्या चुकीने गेला. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे ट्रॉलीच्या विम्यातून भरपाई मागायची, तर दोषाची वाटणी पुन्हा निघेल. तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कशाची शक्यता अधिक एवढं पाहतात. पण काहीतरी मोजलेलं हवंच. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, दहा दिवसांत कुटुंबाला त्यांचे हक्क सांगणारा कागद, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. दावा करायला सहा महिन्यांची मुदत आहे. हे सगळं बाराव्या-तेराव्याच्या धामधुमीत त्या आईला कोण समजावून सांगणार? तपास करणाऱ्याच्या कामाचा हाही भाग आहे, आणि तो चांगला करणारे अंमलदार आहेत. त्यांच्याबद्दल बातमी येत नाही.

आता पुन्हा पहाटेच्या रस्त्यावर या, पण वेगळ्या नात्याने. हवालदार वळून तुमच्याकडे बघतो.

"दादा, पंच म्हणून सही कराल का?"

मन लगेच मागे सरेल. कोर्टाच्या तारखा, कामाचा खाडा, नसती भानगड. ते सरणं नुसतं बघा, आणि मग हो म्हणा. त्याने लिहिलेला कागद हातात घ्या आणि घाई न करता, पहिल्या ओळीपासून वाचा. ट्रॉलीचं चाक डांबराच्या आत किती होतं, ते लिहिलं आहे का? कुठल्या खांबापासून मोजलं? मागचा दिवा, त्याची वायर, पट्टीवरचा चिखल? चाकाची खूण हातभर आहे, असं लिहिलं आहे की खूण नाही असं? राहिलं असेल तर त्याला सांगा, हवालदारसाहेब, एवढं मोजून घेऊ. टेपचं एक टोक तुम्ही धरा. आकडा लिहून झाला की पुन्हा वाचा, आणि मग सही करा.